पहिला भाला

बेहडटोला, एकोडीजवळ
१६ फेब्रुवारी २०२५

चि. रेणू हिस मामाचा नमस्कार.

आशीर्वाद देण्याची सोय आपल्याकडे मामाला नाही. भाचीच्या पायाच पडायचे असते, म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच पडून घेतो. समोर असलीस की तू बेडकीसारखी मागे उडी मारतेस.

आता बसून वाच. आपल्या बोडीवर गवा आला आहे.

सकाळी म्हशी तळ्यावर पाण्याला यायच्या आत मी बोडीच्या मातीच्या पाळीवर गेलो होतो. काठच्या चिखलात खूर उमटलेला. गाईच्या खुरापेक्षा मोठा, म्हशीच्या खुरापेक्षा निमुळता, आणि इतका खोल की माझी बोटे आत गेली. मी डोक्यावरची टोपी काढून त्यावर झाकली आणि शेजारी राखणीला बसलो. म्हशी आल्या, त्यांना हाकलले. शेवटी तुझी गिरजामामी शोधत आली. तिला टोपली आणायला सांगितली. ती काय बोलली ते माझ्या कानांनी ऐकले नाही, पण तोंडावरून काही चांगले नसावे. टोपली मात्र आणली. आता खुरावर टोपली, टोपलीवर दगड आणि वर मामीचा राग असा बंदोबस्त आहे.

मला काय झाले आहे ते तुला कसे सांगू? मी विशीत होतो तेव्हा या रानात शेवटचा गवा पाहिला. मग बंदूकवाले आले, जीपवाले आले, परवानेवाले आले, आणि त्यांच्यासाठी ढोल बडवत जनावर उठवून देणारे आम्हीही होतोच. रान रिकामे झाले आणि मग शिकारबंदीचा कायदा आला. बैल गेला आणि झोपा केला. मागे राहिला तो धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीचा गावाचा हाका. ढोल वाजवत रानातून यायचे, बोडीपाशी नारळ फोडायचा आणि घरी जाऊन जेवायचे. हत्यार म्हणून एकच, आपल्या घरचा भाला. तो सगळ्यांच्या पुढे, कारण पहिल्या भाल्याचा मान आपला. इतकी वर्षे हाका घालून काय निघाले? ससे, आणि एकदा गोपीचंदची हरवलेली गाय.

या वर्षी खरेच कोणीतरी निघणार आहे. मी भाला खुंटीवरून काढला. गंज घासला, तेल दिले, एकोडीच्या लोहाराकडून पात्याला धार लावून आणली. शेजारचा वीरेंद्र म्हणाला, बाबा, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता. म्हणजे ओरडून म्हणाला, तेव्हा कळले.

तुझा
मारोतमामा

---

वनरक्षक नाका, बपेरा
२१ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

तुमचा नमस्कार परत पाठवते आहे, पोचपावती ठेवा.

पत्र वाचले आणि मी नाक्यावर एकटीच नाचले. समोर एक ट्रकवाला कागद दाखवायला उभा होता, त्याला वाटले बाईंना विंचू चावला. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मामी निरोपातले निम्मेच सांगते, म्हणून आपली ही पोस्टाची सेवा. पण अशी बातमी पत्रातच यावी. तुम्ही आयुष्यभर गावचे पोस्ट चालवलेत, त्याचे व्याज मला मिळाले.

नागझिऱ्यात गवे आहेत हे मला माहीत आहे. पण तिथून आपल्या बोडीपर्यंत यायचे म्हणजे रानाचे तुकडे, शेते, रस्ते ओलांडत यायचे. एखादा आला असेल तर त्याला मीच नमस्कार करीन. आणि मामा, बैल गेला आणि झोपा केला म्हणता, पण तो झोपा बांधला म्हणूनच बैल परत आला ना? बंदी नसती तर नागझिऱ्यातही टोपलीखाली झाकायला खूर उरला नसता.

आता मुद्द्याचे. खूर नीट पाहिलात ना? ती कोणाची चुकार म्हैस नव्हती ना? आणि भाल्याला धार कशाला लावली? गवा कायद्याच्या पहिल्या यादीतला प्राणी आहे. त्याच्या अंगावर ओरखडा उठला तरी माणूस तुरुंगात जातो, आणि मी अंगावर खाकी घालते. मागे साकोलीच्या बसस्थानकावर तुम्ही गणवेशातल्या भाचीच्या पाया पडलात तर सगळी बस हसली होती. उद्या त्याच भाचीला तुमच्या हातात बेड्या घालायला लावू नका.

गवा आल्याचे कोणाला सांगू नका. भाल्याचे मात्र मला सांगा.

तुमची
रेणू

---

बेहडटोला
२६ फेब्रुवारी

चि. रेणू, पाया पडतो, उडी मार.

म्हैस म्हणतेस? मी म्हशीच्या पाठीवर वाढलो. आता शेणही सापडले. पळसाच्या झाडाला अंग घासलेले सापडले, ते माझ्या खांद्याच्या वर. तुझ्या मामीने स्वतः हात लावून पाहिले आणि मग दिवसभर तोच हात सगळ्यांना दाखवत फिरली.

त्यामुळे कोणाला सांगू नका हा तुझा हुकूम जरा उशिरा पोचला. मी फक्त वीरेंद्रला सांगितले होते. वीरेंद्रने फक्त सरपंचांना सांगितले. सरपंचांनी कोणाला सांगितले नाही, फक्त चहाच्या टपरीवर मोठ्याने बोलले. आता पोरे ढोलांचे चामडे तापवू लागली आहेत. जे लग्नाच्या वरातीतही आळसावतात ते हाक्याला कोण कुठे उभे राहणार यावर भांडतात. टोल्याला इतका जीव मी कधी पाहिला नाही.

भाल्याचे विचारतेस. ती पत्रात लिहायची गोष्ट नाही. माझ्या वडिलांनी मला बोडीवर उभे करून दाखवली होती, तशीच दाखवता येते. हाक्याच्या दिवशी ये आणि बघ. धार मात्र हवीच. बोथट भाला एका दणक्यात आत शिरत नाही, आणि त्या वेळी दुसरा दणका मारायला वेळ नसतो. माझ्या हातात अजून तेवढी ताकद आहे. परवा अंगणात करून पाहिले.

बेड्या मोठ्या मापाच्या आण. मनगट जाड आहे.

मारोतमामा

---

बपेरा
३ मार्च

तीर्थरूप मामा,

पत्र मिळाले. इकडे मोहाची फुले गळायला लागली आहेत. पाचोळ्याला आग लागू नये म्हणून आम्ही दिवसभर रानात फिरतो, म्हणून थोडेच लिहिते.

तुमच्या भागात कमलेश नावाचे माझे सहकारी आहेत. चांगले आहेत, मितभाषी आहेत. एक-दोन दिवसांत ते घरी येतील. त्यांना चहा द्या, जमल्यास मामीचे पोहे द्या. ते काही विचारतील, काही मागतील, तर रागावू नका. सगळे सगळ्यांच्या भल्यासाठी असते.

तुम्हाला काही होऊ नये एवढेच मला वाटते. गव्यालाही.

रेणू

---

बेहडटोला
७ मार्च

रेणूस,

कमलेश आले. चहा प्याले. पोहे दोनदा घेतले. मग भाल्याचा पंचनामा केला, तो पोत्यात गुंडाळला आणि मोटारसायकलला बांधला. तुझ्या मामीचे ओठ मला वाचता येतात. ती त्यांना म्हणाली, "पोहे खाल्ले ना बापा, मंग भाला काहून नेऊन राहिले? रेणूनं सांगतलं का?" ते गृहस्थ बुटाची लेस बांधत बसले. बुटाला लेस नव्हती.

म्हणजे तुला वाटले, तुझा म्हातारा मामा गव्याला भोसकणार. माझ्याच पत्रावरून तसे वाटले असेल, हे मी मागून माझे बोलणे आठवून पाहिले तेव्हा कळले. राग आला होता, तो गेला. आता दाखवायची गोष्ट लिहूनच सांगतो, कारण वेळ उरलेला नाही.

तुमच्या कायद्याच्या आधी गावाचा कायदा होता. हाक्यात मादी निघाली आणि तिच्यासोबत पिलू असले, तर पहिल्या भाल्याच्या माणसाने धावत पुढे जायचे आणि भाला उलटा, पाते खाली, जमिनीत रोवायचा. मग जनावराकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभे राहायचे. त्या भाल्याच्या पुढे कोणी पाऊल टाकत नसे. ढोल तिथल्या तिथे बंद. पहिल्या भाल्याचा मान म्हणजे मारण्याचा मान असे सगळे समजतात. आमच्या घरात तो थांबवण्याचा मान म्हणून सांगत. मार्चमधली पाळ दगडासारखी असते, म्हणून धार लावली. अंगणात मी तेच करून पाहत होतो.

आता ऐक, मी तुझ्यापासून काय लपवले ते. बोडीवर आलेला तो गवा नाही, गव्याची गाय आहे. बोडीकाठच्या बांबूच्या रांजीत ती व्याली आहे. मी वासरू पाहिले. सोन्यासारखे पिवळे, पाय लटपटतात. तू सरकारी माणूस, तुला कळले तर उद्या तिथे जीप येतील, म्हणून बोललो नाही. त्याची फळे मीच भोगतो आहे.

वीरेंद्रने आणखी दोन गावांचे ढोल बोलावले आहेत. गाडीवर लावायचे मोठे भोंगेही येणार. पोरगा वाईट नाही, त्याला वाटते गव्याचे जंगी स्वागत होईल. मी सांगितले, वासरू आहे, हाका नको. तो ओरडून म्हणाला, "बाबा, आमी मारून थोडीच राहिलो. फक्त पाहून राहिलो." पण रानाकडून ढोल आले की ती गाय एक तर माणसांवर येईल, नाही तर पलीकडच्या उन्हाळी धानात शिरेल. तिथे डुकरांसाठी बांधीबांधीला तारा आहेत आणि त्यात कोण कधी करंट सोडतो ते देव जाणे. वासरू तर जागेवरच तुडवले जाईल.

बहिऱ्या म्हाताऱ्याचे कोणी ऐकत नाही. भाल्याचे ऐकले असते. तो तुमच्या कपाटात आहे.

मारोतराव

---

बपेरा
१० मार्च, स्पीड पोस्टने

मामा,

काल पत्र मिळाले. रडले, मग तोंड धुतले आणि सरळ आमच्या वनक्षेत्रपाल साहेबांकडे गेले. माझी चूक झाली. पण तिच्यावर रडायला धुळवडीनंतर वेळ काढीन.

साहेबांना सगळे सांगितले, तुमचे पत्रही वाचून दाखवले. ते म्हणाले, हाका बंद करायचा हुकूम काढतो. मी म्हटले, काढाच, पण तीन गावांचे लोक ढोल घेऊन निघाल्यावर तो कागद कोणाच्या हातात देणार? आगीचे दिवस आहेत, त्यांच्याकडे पाठवायला कमलेश आणि मी, एवढीच माणसे. तारांचे कमलेश बघणार आहेत. हाक्याच्या सकाळी वीज बंद ठेवायला त्यांनी वीजवाल्यांना राजी केले आहे. आणि भाला साहेबांनी मला दिला. म्हणाले, परत आणायचा आणि रक्त न लागता आणायचा. मी म्हटले, साहेब, तो त्याचसाठी आहे.

पंधरा तारखेला पहिल्या बसने मी भाला घेऊन येते. तुम्ही पाळीवर थांबा. भाला तुमच्या हातात देईन, मग तुम्ही आणि तुमचा दणका.

मामीला म्हणावे, मलाही पोहे.

रेणू

---

बपेरा
१८ मार्च

मामा, मामा, मामा,

त्या दिवशी मला धड बोलूही दिले नाही कोणी. वणव्याचा निरोप आला, साहेबांची जीप आली आणि मी पोहे न खाता निघाले. तीन दिवसांनी हात धुऊन आज लिहायला बसले आहे. अजून अंगात ढोल वाजतात.

आधी माझ्या बाजूचे सांगते. बसमध्ये कंडक्टरने विचारले, "मॅडम, हे काय घेऊन चालल्या?" मी म्हटले, भाला. "कोनाले मारता?" कोणालाच नाही, म्हटले. त्याने विचार केला आणि भाला आपल्या सीटमागे उभा करून दिला. पण रस्त्यात टायर बसला. मी एकोडीच्या फाट्यावर उतरले तेव्हा ढोल वाजायला लागले होते. मी धावले. भाला खांद्यावर, टोपी हातात. पाळीवर आले तर तुम्ही कुठेच दिसेनात. नंतर कळले, तुम्ही ढोलांना अडवायला रानाच्या बाजूला गेला होतात आणि गर्दीत मागे पडलात. मी हाका मारल्या, पण तुम्हाला हाका मारून काय उपयोग?

ढोल पळसांच्या रांगेतून बाहेर आले. रांजी त्यांच्या आणि बोडीच्या मध्ये. आणि रांजीत काहीतरी हलले. मी पाहिले, मामा, बांबू बाजूला झाले. तुमची वाट पाहायला वेळ नव्हता. मी रांजीला वळसा घालून ढोलांच्या पुढ्यात धावले, भाला उलटा केला आणि सगळा जोर लावून रोवला. एका दणक्यात गेला. लोहाराला शाबासकी द्या.

मग तुम्ही लिहिले होते तशी पाठ फिरवली आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिले.

पुढचे ढोल थांबले, मागचे वाजत राहिले. वीरेंद्र म्हणाला, "रेणू, बाजूले हो. येवढे ढोल बोलावले, आता मांगं फिरू काय? लोकं हसतीन मले." मी भाला आणखी घट्ट धरला. तेवढ्यात मोहाची टोपली डोक्यावर घेऊन टोल्यातली धुरपताबाई पुढे आली. टोपली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "भाची हाय ते गावाची. भाला रोवला तिनं. भाचीले वलांडून जाशीन काय रे वीरेंद्र? कुठं फेडशीन हे पाप?" वीरेंद्रचा हात ढोलाच्या वर तसाच राहिला. मग एकेक ढोल बंद होत मागे गेला.

आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्यावरून सरकून मागे गेले. तोंडे उघडी पडली. मामीने डोळेच मिटले. मला मान वळवायचा असा मोह झाला की काय सांगू. मी वळणारच होते, तेवढ्यात तुम्ही गर्दीतून आलात, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलेत, आणि सरळ वाकून माझे पाय धरलेत. तीन गावांसमोर, मी गणवेशात असताना. नेहमीसारखी उडी मारायला गेले तर तुम्ही असे घट्ट धरलेले की हलताही येईना. किती वेळ धरलेत मामा. माझे घोटे अजून दुखतात. तुम्ही सोडलेत आणि मी वळले, तर फक्त बांबू हलत होते.

सगळ्यांनी एकदम सांगितले, म्हणून मला काहीच कळले नाही. वीरेंद्र म्हणतो ती ट्रकएवढी होती पण खूप लांब उभी होती. धुरपताबाई म्हणते रांजीच्या आत दिसली न दिसली. वीरेंद्रने व्हिडिओ काढला आहे, त्यात फक्त आभाळ आणि त्याचेच बूट. एवढी धावले आणि गवा न पाहिलेली एकटी मीच. तुम्ही जसे पाहिलेत तसे लिहा. एक शब्द गाळू नका.

रेणू

---

बेहडटोला
२२ मार्च

चि. रेणू,

एक शब्द गाळत नाही. पण हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस.

ती लांब नव्हती. लांब होती असे सांगा, असे सगळ्यांना मीच म्हटले होते. वीरेंद्रने शपथ घेतली आणि पाळली, त्याचे मला कौतुक वाटले. आपल्या अंगणातून हातपंप जेवढ्या दहा-बारा पावलांवर आहे तेवढ्यावर ती उभी होती, तुझ्या पाठीमागे. रांजीतून पूर्ण बाहेर. काळी कुळकुळीत, पाठीला उंचवटा, चारही पायांत पांढरे मोजे. पोटाखाली ते पिवळे वासरू. माझ्या तरुणपणी पाहिला होता तो गवा मरताना पाहिला होता. उभा राहून श्वास घेणारा हा पहिलाच. तिच्या नाकपुड्या हलत होत्या. मागून लोक म्हणाले की ती फुसकारली. मला ऐकू आले नाही आणि तुला तुझ्याच छातीतल्या ढोलांपुढे ऐकू आले नसावे. बरे झाले.

तिने मान खाली घातली. शिंगे तुझ्याकडे. खुराने माती उकरली. जनावर कधी अंगावर येणार हे मला कळते, तुला शिकवण्याची वेळ आली नव्हती. स्थिर उभ्या माणसाला ती सोडील, पण हललेल्याला नाही. आणि तू वळत होतीस. ओरडावे तर ती बिथरली असती. मला दुसरे काही सुचले नाही. मी हळू वाकलो आणि तुझे पाय पकडले. तू नेहमीसारखी मागे उडी मारशील, म्हणजे थेट तिच्या पुढ्यात, ही भीती होती, म्हणून घोटे दुखेपर्यंत दाबले. लोकांना वाटले, मामा भाचीच्या पाया पडतो आहे. ती सगळी माणसे हात जोडून उभी राहिली, आणि त्यामुळे तीही हलली नाहीत. वाकल्या जागेवरून, तुझ्या दोन बुटांमधून, मी तिला पाहत होतो. वासरू दूध प्यायला लागले. तिने मान वर केली, वासराला नाकाने ढकलले आणि वळली. तिची शेपटी बांबूत शिरली तेव्हा मी तुला सोडले.

आता इकडची खबर. तारा निघाल्या. वीरेंद्रने स्वतः काढल्या, आणि ज्यांनी काढल्या नाहीत त्यांच्या दारात ढोल वाजवीन म्हणाला. काल खुरांच्या दोन ओळी बोडीवरून रानाकडे गेलेल्या सापडल्या, एक मोठी, एक लहान. लहान खुरावर तुझ्या मामीने न सांगता टोपली ठेवली. भाला साहेबांना परत दिलास हे ठीक केलेस. पुढच्या धुळवडीला घेऊन ये. मान आता तुझ्याकडे गेला आहे, हे गावाने ठरवले. मला नंतर कळवले.

एक हिशेब मात्र राहिला. त्या दिवशी मी तुझ्या पाया पडलो नव्हतो, फक्त पाय धरले होते. एवढे मोठे काम केलेस आणि मामाचा नमस्कार तुला मिळालाच नाही. तो आता करतो. हे पत्र जमिनीवर ठेव आणि समोर उभी राहा. मागे कोणी नाही. आता हवी तेवढी उडी मार.

तुझा
मारोतमामा